मागच्या सीटवरून चांदवड

क्रूझर घेतली तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो आणि माझी कंबर साठीची. बारा वर्षं कॉम्प्युटरपुढे बसून केलेली ही कमाई. ऑफिसच्या खुर्चीत दोन तास झाले की कमरेतून निघालेली कळ डाव्या पायात पोटरीपर्यंत उतरायची. डॉक्टरांनी सायटिका म्हणून सांगितलं, व्यायाम लिहून दिले. मी विचारलं, मोटारसायकल चालवू का? ते म्हणाले, "चालवा, पण वाकून बसायला लागेल अशी नको." याचा मी मला सोयीचा अर्थ काढला आणि क्रूझर बुक केली.

शोरूममध्ये गाडीवर बसलो तेव्हा वाटलं, ही तर आरामखुर्ची. सीट खाली, पाय पुढे, हँडल आपणहून हाताजवळ आलेलं. बाबांनी घराच्या फाटकाशी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "पाय पुढे सोडून बसायचं तर ओट्यावर बस की. त्याला दोन लाख कशाला लागतात?"

गाडी साडेतीनशे सीसीची आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे रडगाणं आहे त्यात गाडीपेक्षा माझ्या अज्ञानाचा वाटा मोठा आहे.

क्रूझर ही मूळची अमेरिकेतल्या लांबलचक, सरळ रस्त्यांची गाडी. आपल्याकडे ही बैठक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली ती 2001 च्या कावासाकी बजाज एलिमिनेटरने आणि मग 2005 मध्ये आलेल्या अ‍ॅव्हेंजरने. सीटच्या उंचीवरून फरक लगेच कळतो. आताच्या क्लासिक 350 ची सीट जमिनीपासून 805 मिलिमीटरवर आहे, मिटिऑर 350 ची 765 वर आणि अ‍ॅव्हेंजर 220 क्रूझची 737 वर. सात सेंटिमीटर म्हणजे चार बोटं. पण सिग्नलला थांबल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकतात की फक्त चवडे, हे त्या चार बोटांवर ठरतं. ही गोष्ट मला तेव्हा बिनमहत्त्वाची वाटली होती. ती पुढे वेगळ्याच माणसाच्या कामाला आली.

पहिली लांब फेरी अर्थातच जाम गेट. इंदूरच्या प्रत्येक नव्या गाडीची मुंज तिथेच लागते. महू सोडलं की झाडी सुरू होते, रस्ता वळणं घेऊ लागतो आणि माळव्याचं पठार जिथे संपतं तिथे कड्यावर अहिल्याबाईंनी बांधवलेली ती वेस उभी आहे. शिलालेखाप्रमाणे 1791 ची. कमानीतून पलीकडे गेलं की खाली एकदम निमाडचं खोरं उघडतं. पावसाळ्यात ढग आपल्यापेक्षा खाली असतात. रविवारी गर्दी इतकी की देखावा कमी आणि सेल्फी जास्त, पण सकाळी सातच्या आत पोचलात तर अजूनही जागा आपली.

मी सातच्या आत पोचलो आणि देखावा मात्र पाहिला नाही. कमानीच्या पायरीवर एका बाजूला रेलून उभा होतो, कारण बसवत नव्हतं. जेमतेम पन्नास किलोमीटरमध्ये ही अवस्था.

कारण घरी आल्यावर समजलं, तेही स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. तुम्हीही करून बघा. स्टुलावर बसा, पावलं गुडघ्यांच्या खाली ठेवा आणि हात न लावता उठा. सहज उठता येतं. आता पावलं हातभर पुढे ठेवा आणि उठून दाखवा. नाही उठता येत. साध्या मोटारसायकलवर पाय साधारण बुडाखाली असतात, त्यामुळे खड्डा दिसला की आपण नकळत पायांवर भार घेऊन दोन इंच उचलले जातो आणि धक्का गुडघे खातात. क्रूझरवर पाय पुढे, म्हणून सगळं वजन सीटवर आणि खड्डा थेट मणक्यात. शिवाय पाय पुढे गेले की कंबर मागे गोल होते आणि बैठकीच्या दोन हाडांवरचा भार माकडहाडावर सरकतो. आरामखुर्चीत हे चालतं, कारण आरामखुर्ची स्पीडब्रेकरवरून जात नाही.

पुढचे चार महिने मी ऑफिसात करतो तेच केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, जाम गेटला जाऊन यायचं, वहीत लिहायचं.

सगळ्यात मोठा फरक फुकट पडला. मागच्या खिशातलं पाकीट काढलं. कॉलेजपासून माझं जाडजूड पाकीट उजव्या मागच्या खिशात असायचं, म्हणजे इतकी वर्षं मी एका बाजूला तिरका बसत आलो होतो. गाडीवर त्या तिरकेपणाला इंजिनाची थरथर मिळायची. पाकीट जाकिटाच्या खिशात गेलं आणि पायातली कळ निम्म्याने कमी झाली. ज्याने हे आधी सांगायला हवं होतं असा प्रत्येक माणूस नंतर म्हणाला, "अरे, हे तर सगळ्यांना माहीत असतं."

मग हँडल. क्लँपचे बोल्ट सैल करून ते दोन-चार मिलिमीटर आपल्याकडे फिरवलं की खांदे खाली येतात. क्लच-ब्रेकच्या लिव्हरही हाताच्या रेषेत वळवून घ्यायच्या, मनगट मोडलेलं राहायला नको. अर्ध्या तासाचं काम. विंडशील्ड लावली, तिने छातीवरचा वारा अडला पण तोच वारा हेल्मेटवर ढोल बडवू लागला. ती थोडी मागे कलती केली तेव्हा कुठे शांत झाली. ऐंशीच्या आसपास चालवलं तर सगळंच शांत असतं, हेही तेव्हाच कळलं.

सीटच्या बाबतीत मी बराच पैसा वाया घालवला. जेलची गादी घेतली, हवेची घेतली. हवेच्या गादीवर वळणात गाडी एकीकडे आणि मी दुसरीकडे. शेवटी एका सीटवाल्याकडे गेलो. वयस्कर माणूस, चाळीस वर्षं हेच काम. मी म्हटलं, फोम मऊ टाका. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "भिया, नरम गद्दा सोने के लिए होता है." मऊ फोम वीस मिनिटांत दबून जातो आणि मग आपण खालच्या पाट्यावरच बसलेले असतो. त्याने मला सीटवर बसवलं, हाडं कुठे टेकतात तिथे खडूने खुणा केल्या, तिथला फोम काढून दाट रीबॉन्ड फोम भरला आणि मागचा खोलगट भाग थोडा भरून सपाट केला, म्हणजे मागे-पुढे सरकायला जागा मिळाली. लांबच्या वाटेवर गादीपेक्षाही ही सरकायची जागा महत्त्वाची. एकाच साच्यात चार तास ठेवलं तर लोणीसुद्धा तक्रार करेल.

काही लोक सांगतात की बुडाला सवय होते, सहन करायचं. स्नायू आखडण्याची सवय होते, खरं आहे. पायाला मुंग्या येत असतील तर ती सवयीची गोष्ट नाही, थांबायचं.

मांडूला जाऊन त्याच दिवशी परत आलो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात सरळ बसलो, तेव्हा मला वाटलं, झालं, जमलं.

आता बाबांकडे यायला हवं. बाबा वीज मंडळात होते. त्यांच्याकडे राजदूत होती, 175 सीसीची. आमची कुलदेवता चांदवडची रेणुका. पूर्वज होळकरांबरोबर इकडे आले असं घरात सांगतात आणि चांदवडही होळकरांचंच, त्यामुळे देवी आणि धनी दोन्ही एका गावात. 1986 च्या नवरात्रात, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, बाबा आईला मागे बसवून राजदूतवर इंदूरहून चांदवडला गेले होते. ही कथा मी इतक्यांदा ऐकलीय की सेंधव्याला गाडीची चेन कोणत्या हॉटेलासमोर निघाली, ते मी झोपेत सांगू शकतो.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सांधा बदलला. त्यानंतर एकदा ते माझी जुनी बाइक घेऊन भाजीला गेले, सिग्नलला पाय टेकवताना चवडाच टेकला आणि गाडीसकट आडवे झाले. लागलं नाही, पण लोकांनी उचललं ते लागलं. किल्ली त्यांनी त्या दिवशी खुंटीला लावली ती परत काढली नाही.

एका रविवारी मी गाडी पुसत होतो. बाबा पेपर वाचत होते. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "ही चांदवडपर्यंत जाईल का?"

आमच्या घरात याहून स्पष्ट कोणी काही मागत नाही.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तासाभराने उतरून चालायचं या अटीवर हरकत नाही. सराव म्हणून आधी महेश्वर ठरलं, जाम घाटातून नव्वदेक किलोमीटर. बाबा जाताना गप्प, घाटावर नर्मदेकडे पाहत गप्प, येताना गप्प. मी मनात म्हणत होतो, किती मजेत आहेत! घरी पोचल्यावर त्यांना उतरायला शेजारच्यांची मदत लागली. पुढच्या आठवड्यात मी चांदवडचा विषय काढला, तर म्हणाले, "बघू. आता उन्हं वाढताहेत." तेव्हा डिसेंबर होता.

आईने स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "दोन रात्री गरम पाण्याची पिशवी घेऊन बसलेत. तुला सांगू नको म्हणाले. तू एवढी हौसेने गाडी घेतलीस ना."

चार महिने मी स्वतःच्या बुडासाठी वही लिहिली होती. त्या वहीत मागच्या सीटबद्दल एक ओळ नव्हती. मी तिथे एकदाही बसलो नव्हतो.

त्या शनिवारी मित्राला बोलावलं, किल्ली त्याच्या हातात दिली आणि मागे बसून जाम गेटला गेलो. मागचा माणूस जवळजवळ मागच्या चाकाच्या आसावर बसतो, त्यामुळे पुढच्याला जो खड्डा हलकासा लागतो तो मागच्याला पूर्ण लागतो. क्रूझरची सीट खाली ठेवायची म्हणून मागच्या शॉकअपला हलायला जागाही कमी असते. त्यात पुढचा रस्ता दिसत नाही. खड्डा येतोय हे माहीतच नसतं, त्यामुळे अंग सावरायला वेळ मिळत नाही. ब्रेक लागला की पुढे घसरायचं, गाडी ओढली की मागे जायचं, मागे टेकायला काही नाही, धरायला काही नाही. पायदान इतकं वर की गुडघे छातीकडे येतात. माझे धडधाकट गुडघे अर्ध्या तासात आखडले. बाबांचा नवा गुडघा तर ठराविक मर्यादेपुढे वाकतच नाही, आणि त्यांनी तो तसाच दाबून नव्वद किलोमीटर नेला आणि आणला होता. कमानीपाशी उतरलो तेव्हा मित्र म्हणाला, "काय झालं? तोंड का उतरलंय?"

तुमच्यापैकी कोणी क्रूझर घ्यायच्या विचारात असेल आणि मागे कोणीतरी नेहमी बसणार असेल, तर शोरूममध्ये त्या माणसाला बरोबर न्या. आणि चाचणीसाठी गाडी मिळेल तेव्हा दहा मिनिटं स्वतः मागे बसा. विक्रेता विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

पुन्हा सीटवाला. या वेळी बाबांना घेऊन गेलो. दोघांची जी गट्टी जमली! एकाने चाळीस वर्षं सीटा शिवलेल्या, दुसऱ्याने चाळीस वर्षं त्यांवर बसून खांब मोजलेले. मागची सीट दोन इंच रुंद झाली, पुढच्या बाजूने किंचित उचलली म्हणजे ब्रेक लागल्यावर घसरायला नको. गादी उंच झाल्याने गुडघाही तेवढाच मोकळा झाला. एका फॅब्रिकेटरकडून उजवं पायदान थोडं खाली आणि पुढे घेणारी पट्टी लावून घेतली. वळणात जमिनीला घासत नाही ना, हे नीट तपासूनच. मागे टेकायला पाठ बसवली. शॉकअपची रिंग सी-पान्याने फिरवून पुढच्या खाचेत नेली. त्याने स्प्रिंग कडक होत नाही, ती आधीपासून थोडी दाबलेली राहते, म्हणून दोघांच्या वजनाने गाडी तळाला जाऊन आपटत नाही. मागच्या टायरची हवा दोघांसाठी कंपनीने सांगितली आहे तेवढी वाढवली. हे शेवटचं काम फुकटात होतं आणि महेश्वरच्या वेळी मी तेही केलं नव्हतं.

आता नवीच अडचण. पाठ बसवल्यावर बाबांना पाय टाकून चढता येईना. इथे क्रूझरची ती चार बोटं कामाला आली. मी हँडल धरून उभा राहायचं, बाबांनी आधी पुढच्या, खालच्या सीटवर बसायचं, मग हातांवर भार देऊन मागे सरकायचं. नंतर मी टाकीवरून पाय टाकून बसायचं. बघणाऱ्याला सर्कस वाटते. आमच्या गल्लीतली पोरं सुरुवातीला टाळ्या वाजवायची.

एक करारही झाला. खड्डा किंवा ब्रेकर दिसला की मी डावा हात किंचित उचलणार. थांबायचं असेल तर बाबांनी खांद्यावर दोनदा थोपटायचं आणि "अजून चालेल" असं म्हणायचं नाही.

फेब्रुवारीत निघालो. दोन दिवसांत साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर, मध्ये शिरपूरला आत्याकडे मुक्काम. आई म्हणाली, "मी एकदा केलंय ते राजदूतवर, पुरे." ती बसने नाशिकला मावशीकडे गेली. तिथून परस्पर चांदवडला येणार होती.

पहाटे राऊपर्यंत धुकं होतं. मानपूरच्या पुढे जुना आग्रा रोड पठार सोडून निमाडात उतरतो. धामनोदच्या अलीकडच्या गणेश घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी इतके बळी घेतले की उतरणाऱ्या वाहनांसाठी वेगळा रस्ता काढावा लागला. उतारावर मागच्या माणसाचं वजन पुढच्याच्या पाठीवर येतं, म्हणून खालचा गिअर, इंजिनाचा ब्रेक आणि घाई नाही. पाठीवर बाबांचा भार जाणवेना, तेव्हा कळलं की सीटवाल्याने दिलेली ती किंचित चढण काम करते आहे.

खलघाटला नर्मदेच्या पुलावर बाबांनी चालत्या गाडीवरून नाणं टाकलं. ते कठड्याला लागून रस्त्यावरच पडलं. मागून आवाज आला, "जाऊ दे. परत येताना दोन टाकू." पूल संपल्यावर चहाला थांबलो. बाबा टपरीभोवती पाच फेऱ्या चालले. दर तासाला हे होत गेलं आणि त्यात एक फायदा होता जो मी मोजला नव्हता. थांबलं की बाबा बोलतात. जुलवानियाला पहिल्या बदलीची गोष्ट, सेंधव्याला किल्ल्याच्या तटाजवळ चेनची गोष्ट, हॉटेल आता नाही पण जागा दाखवली. बिजासन घाटात देवीला हात जोडले. पळासनेरला पाट्या मराठी झाल्या आणि बाबांनी पहिली पाटी मोठ्याने वाचली. टायर पंक्चरची होती.

शिरपूरला पोचेपर्यंत दहा तास लागले. गाडीने चार-साडेचार तासांची वाट आहे ही. आत्या म्हणाली, "चालत आला असता तर लवकर पोचला असता."

रात्री बाबांनी गरम पाण्याची पिशवी मागितली. माझा चेहरा पाहून म्हणाले, "मागतोय ना? लपवत नाहीये." गुडघा आखडला होता, सुजला नव्हता. मला स्वतःला मानेत लचक आली होती, तीही त्यांना सांगितली. पिशवी आळीपाळीने वापरली.

दुसऱ्या दिवशी तापीचा पूल, सोनगीरचा किल्ला, धुळ्याला नाश्ता. मालेगावपाशी ट्रक आणि धूळ, तो भाग लवकर संपावा एवढंच. उमराण्यानंतर डोंगर जवळ येतात. राहूड घाट चढून पलीकडे उतरलं की डोंगराच्या कुशीत चांदवड आणि रस्त्यालगतच रेणुकेचं मंदिर. दर्शन झालं. पायऱ्या बाबा कठड्याला धरून हळूहळू चढले, माझा हात घेतला नाही. गावात होळकरांचा रंगमहाल आहे, अहिल्याबाईंच्या काळाशी जोडलेला. तिथे बाबा भिंतीवरची फिकी झालेली चित्रं बराच वेळ बघत होते.

आई आणि मावशी मंदिराखाली आधीच येऊन बसल्या होत्या. आईने गाडीची नवी मागची सीट हाताने दाबून पाहिली. "कडक आहे," म्हणाली.

"कडकच हवी," बाबा म्हणाले आणि तिला फोमवर एक व्याख्यान दिलं, अर्धं हिंदीत.

मी पाण्याच्या बाटल्या आणायला गेलो. परतलो तर बाबा पुढच्या सीटवर बसले होते. सवयीने मी हँडल धरायला पुढे झालो, त्यांना मागे सरकायचं असेल म्हणून. ते सरकले नाहीत. दोन्ही पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली होती, टाचांसकट. त्यांनी एकदा उजव्या पायाकडे पाहिलं, एकदा डाव्या.

"लायसन्स आहे माझं अजून," म्हणाले. "पाकिटात आहे."

मैदान मोकळं होतं. मी किल्ली दिली. ते म्हणाले, "तू बस मागे."

मैदानाला दोन फेऱ्या झाल्या, पहिल्या गिअरमध्ये, नंतर दुसऱ्या. एका ठिकाणी पावसाच्या पाण्याने चर पडला होता. बाबांनी डावा हात किंचित उचलला.